ताईच्या पावातला कोंडा

मी एक जुनी चाळणी आहे आणि माझा कोणावरही चटकन विश्वास बसत नाही. मित्रांनो, आयुष्यभर पिठातले खडे, दोरे आणि किडे शोधत आले. अशाने स्वभाव संशयी होणारच.

एका तार विणणाऱ्याने माझी बारीक जाळी लाकडी कड्यात ठोकून बसवली आणि मी या बेकरीच्या मागच्या खोलीत आले. "असली जाळी आता मिळत नाही," असं इथला पाव भाजणारा कारागीर कौतुकाने म्हणायचा. तेव्हाच मला वाटलं, याला माझ्याकडून काहीतरी हवंय.

हवंच होतं. मालकाने दुकानावर 'अख्ख्या गव्हाचा पाव' अशी पाटी लावली होती. पण तो पाव जड लागतो म्हणून गिऱ्हाइकं कुरकुरायची. मालक म्हणाला, "काहीही कर, पाव हलका झाला पाहिजे. रंग मात्र तपकिरीच हवा." मग कारागीर ते पीठ माझ्यातून चाळू लागला. कोंडा पोत्यात जायचा आणि रंगासाठी पिठात करपवलेल्या साखरेचं पाणी पडायचं. हे कसं जमवलंस, असं मालकाने कधी विचारलं नाही.

मालकाची थोरली बहीण वरच्या मजल्यावर शिवणकाम करायची. सगळे तिला ताईच म्हणत. तिला मधुमेह होता. कोंडा पोटात गेला की साखर रक्तात सावकाश चढते आणि डोकंही ताळ्यावर राहतं, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. म्हणून ती रोज भावाचा तपकिरी पाव मोठ्या अभिमानाने खायची. पण साखर काही उतरेना. जेवल्यावर डोळ्यांवर झापड यायची, चिडचिड व्हायची. एकदा तर तिने एका कोटाच्या दोन्ही बाह्या उजव्याच कापल्या.

एके दुपारी ती पाव घ्यायला आली, तेव्हा भाऊ तिच्यावरच घसरला.

"ताई, खरं सांग, चोरून गोड खातेस ना?"

"नाही रे, तुझी शपथ."

"मग साखर काय हवेतून वाढते?"

मला ओरडावंसं वाटलं. पण अंगभर भोकं असून बोलायला तोंड एक नाही!

डोळे पुसायला ताई मागच्या खोलीत आली आणि तिला माझ्यात साठलेला कोंडा दिसला.

"हा कशाचा रे?" तिने कारागिराला विचारलं.

"तुमच्याच पावाच्या पिठातला, ताई," कारागीर बोलून गेला आणि चपापला. मालक दारात उभा होता. त्याने डोळे वटारले, तसा कारागीर म्हणाला, "मालक, हलका पाव तुम्हालाच हवा होता."

मालकाची मान खाली गेली. "ताई, मी विचारायला हवं होतं."

"पिठाबद्दल तुला शंका आली नाही. माझ्याबद्दल बरी आली!"

त्या दिवसापासून मी खुंटीला गंजत लटकले आहे. पाव पुन्हा जड झाला, काही गिऱ्हाइकं तुटली. ताईची साखर हळूहळू उतरते आहे आणि दुपारभर वरून शिवणयंत्राचा आवाज येतो. औषधंही चालू आहेत, त्यामुळे सगळं श्रेय कोंड्याला द्यायला मी तयार नाही. भावाशी मात्र ती अजून कामापुरतंच बोलते.

मलाही वाईट वाटतं. मी सगळ्यांवर संशय घेतला, पण तो कोंडा अडवत होते मीच.

मित्रांनो, पावाच्या रंगाला भुलू नका, पीठ कसलं ते विचारा. आणि घरातलं आजारी माणूस बरं होत नसेल, तर त्याला चोर ठरवण्याआधी आपण त्याला काय खायला देतोय ते बघा.