बिनपंख्याचं तुफानी

कळव्याच्या खाडीकाठी होड्या बांधणारा नाथा तसा गरीब स्वभावाचा. पण १९५४ सालच्या भाद्रपदात तो जो अडून बसला, तो हत्ती लावून ओढला असता तरी हलला नसता. आणि भांडण कशावरून, तर एका पंख्यावरून.

झालं असं. नाथाचा मुलगा रघु हवाई दलात फिटर होता. मे महिन्यात रजेवर आला तेव्हा चहाच्या दुकानात सांगत बसला, की आता तुफानी नावाची लढाऊ विमानं आलीत आणि त्यांना पुढे पंखाच नसतो. अख्खं दुकान हसलं. "उद्या बिनचाकाची बैलगाडी पण आणशील!" कोणीतरी म्हणालं. त्या दिवसापासून रघुचं नाव थापाड्या पडलं. आणि खरं सांगायचं तर त्या हसणाऱ्यांत नाथाही होता, मांडीवर थाप मारून हसणारा. रघु रजा संपायच्या चार दिवस आधीच निघून गेला.

जूनमध्ये टपालाने एक फोटो आला. विमान, शेजारी ताठ उभा रघु. विमानाच्या तोंडाला वाटोळं भोक, पंखा नाही. सोबत चिठ्ठीचा कपटाही नव्हता. फोटो हातात धरून नाथा ओट्यावर बसला, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्याने फणसाचं लाकूड काढलं. विमान केवढं, हे फोटो सांगत नव्हता. पण शेजारी पोरगा उभा होता. रघु साडेपाच फूट, दाराच्या चौकटीवर तशी खूणच होती. नाथाने फोटोवर दोरा धरून मोजलं. विमान साडेसहा रघु लांब भरलं. फुटाला इंच धरून त्याने ते तासलं, होडीच्या तळासारखं गोलसर पोट काढलं, रॉकेलच्या डब्याचा पत्रा ठोकून पंख मढवले आणि वर रुपेरी रंग दिला. त्याची बायको बायजा म्हणाली, "आन् रघु?" मग साडेपाच इंचांचा रघुही कोरून शेजारी उभा केला.

खाडीपलीकडे ठाण्यातल्या एका आळीच्या गणपतीत यंदा विमानांचा देखावा होता. मंडळाचे अध्यक्ष त्र्यंबकराव कोर्टातून पेन्शनीत निघालेले. त्यांनीच नाथाचं विमान मागवलं होतं. ते विमानाभोवती एक फेरी मारून म्हणाले, "सुरेख! पण नाथा, पंखा राहिला की रे."

"राहिला नाय. नसतोच," नाथाने फोटो पुढे केला.

त्र्यंबकरावांनी चष्मा कपाळावर चढवला. "अरे, तुझा मुलगा फिटर ना? मग दुरुस्तीसाठी पंखा उतरवून ठेवला असेल. फोटो त्याच वेळचा."

कार्यकर्त्यांनी माना डोलावल्या. शहाण्याला समजावणं सोपं, शहाणपणाचं सर्टिफिकेट मिरवणारा भेटला की कठीण. नाथा एवढंच म्हणाला, "पंखा नाय लागनार."

दुसऱ्या दिवशी तो जेवून परत आला, तर विमानाच्या तोंडावर लाल पत्र्याचा पंखा खिळ्याने ठोकलेला. आरतीला गर्दी जमली होती. नाथा सरळ स्टुलावर चढला, पंखा उपटला आणि त्र्यंबकरावांच्या हातात दिला. "घ्या. उकडतंय तुमाला."

लोक हसले. त्र्यंबकराव लालबुंद झाले. "पंख्याशिवाय पुढे जाणारी एक तरी वस्तू दाखव मला!"

"माकूल," नाथा म्हणाला. "तुमी खात नाय, म्हनून तुमाला ठावं नाय. यो मासा पानी पोटात भरून घेतो, नलीतून पिचकारी मारतो. पिचकारी एकीकडं, नी यो दुसरीकडं सुटतो. त्याला कुठं पंखा हाय?"

मागे उभ्या मासळीवाल्या बाया पदर तोंडाला लावून हसू लागल्या. "खरा हाय त्याचा!" त्यांतली एक ओरडली. त्र्यंबकरावांनी उभ्या जन्मात मासळीबाजाराची पायरी चढलेली नव्हती. मग त्यांनी हुद्दाच काढला. "अध्यक्ष मी आहे. पंखा लाव, नाहीतर विमान बाहेर!"

"मग बाहेर," म्हणून नाथाने विमान काढून खांद्यावर घेतलं.

वाटेत बायजा म्हणाली, "दहा दिसांचा तं सवाल व्हता. लावला असता पंखा तं काय बिगडला असता?"

"मी एकदा हसलो त्याला," नाथा म्हणाला. "दुसऱ्यांदा नाय."

मंडळाची मूर्ती गेली बारा वर्षं नाथाच्या होडीतूनच खाडीत जात असे. अनंत चतुर्दशीला मिरवणूक बंदरावर आली, तर होडी धुऊन-पुसून तयार, आणि नाळेवर, होडीच्या पार पुढच्या टोकाला, ते तुफानी घट्ट बांधलेलं. तोंडाचं भोक उघडं. शेजारी साडेपाच इंचांचा रघु.

"हे काय? काढ आधी!" त्र्यंबकराव कडाडले.

"मंडपात तुमी अध्यक्ष," नाथा दोर सोडता सोडता म्हणाला. "होडीत तांडेल मी. बसायचं तं बसा. भरती उतराया लागली."

ऐन वेळी दुसरी होडी कुठली आणायची? मूर्ती चढली, गुलाल उधळला गेला आणि त्र्यंबकरावही धोतर सावरत चढले. बसायला जागा उरली होती ती नेमकी नाळेपाशी, त्या भोकासमोर.

विसर्जन करून होडी परत फिरली. नाथाने वल्हं बायजाकडे दिलं आणि टोपीत जपून ठेवलेलं पोस्टकार्ड काढलं. "त्र्यंबकराव, खिशात पेन हाय ना? मना लिवता येत नाय. येवढं लिवा."

भर होडीत सगळ्यांच्या देखत नाही कसं म्हणणार? त्र्यंबकरावांनी पेन काढलं.

"लिवा. रघु, तुझं विमान आज गनपतीच्या पुढं खाडीतून नेलं. पंखा नाय लावला. तवा मी हसलो, ते माजं चुकलं."

त्र्यंबकरावांनी शब्द न शब्द उतरवला. "खाली नाव?"

"माजं. तुमाला पन घालायचं तं जागा हाय."

त्र्यंबकरावांनी आपलं नाव काही घातलं नाही. पण कार्ड उलटून नाथाने सांगितलेला पत्ता सुवाच्य अक्षरात लिहिला, आणि थापाड्याच्या नावाआधी, कोणी न सांगता, 'श्री.' लिहिलं.