कुरडयांवरची मच्छरदाणी

मी मच्छरदाणी बोलतेय, पण मान खाली घालूनच. अंगाला अजून कुरडयांच्या चिकाचा आंबूस वास येतो. कोणत्या तोंडानं बोलू?

सावद्याजवळच्या एका गावात केळी पिकवणाऱ्या पितांबरनानांसाठी मला जळगावहून आणलं. नानांना साखरेचा आजार. डॉक्टरांनी बजावलं होतं, "साखरवाल्याला हिवताप फार जड जातो. डास चावू देऊ नका." काय रुबाबात आले होते मी! या माणसाला आता मीच सांभाळणार, असं वाटलं.

उन्हाळ्यात नाना ओट्यावर झोपत. त्यांच्या बायकोनं, धुरपदाबाईंनी, खाटेला काठ्या बांधून मला लावलं. शेजारचे जीवरामभाऊ बघतच राहिले. त्या गावात मच्छरदाणी लागायची ती फक्त बाळंतिणीच्या खाटेला.

"कामून नाना, बायंतीन झाले का? डिंकाचे लाडू पाठवू?"

सगळा ओटा खो खो हसला. नाना ओशाळले आणि बायकोवरच खेकसले, "काढ वं हे!"

"आहो, मच्छर चावतीन ना तुम्हाले."

"चावू दे. लोकं हासता."

झालं! माझी रवानगी गच्चीवर, वाळत्या कुरडयांवर. एका कावळ्यानं चोच मारून मला भोकही पाडलं. माणसासाठी आणलेली मी कुरडया राखत बसले. नंतर कुरडयांसोबतच पत्र्याच्या डब्यात गेले.

पोळा झाला, बागेत पाणी तुंबलं आणि नानांना हुडहुडी भरली. ताप जीवरामभाऊंनाही आला होता. ते गोळ्या घेऊन आठवड्याभरात बागेत जाऊ लागले. नानांचा ताप मात्र हटेना. साखर भडकली, शुद्ध हरपली. जीपमध्ये घालताना ते बायकोलाही ओळखेनात.

"लोकाइच्या हासण्यापायी ऐकलं वं मी ह्यांचं!" धुरपदाबाई ऊर बडवत होत्या. डब्यात मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नाना वाचले. पण घरी आले ते अर्धे होऊन. आल्या आल्या म्हणाले, "मच्छरदानी लाव वं." धुरपदाबाईंनी भोक शिवलं आणि मला बांधलं.

जीवरामभाऊ भेटायला आले. माझ्याकडे बघून दारातच थबकले.

"ये ना जीवराम," नाना आतून क्षीण आवाजात म्हणाले. "बायंतीनच आहे मी. मोठ्या मुश्किलीनं जीव जन्माले आला. माहाच."

जीवरामभाऊंना रडू फुटलं. डोळे पुसत ते माझी कड गादीखाली खोचू लागले.

बाबांनो, हसणारे हसू द्या, पण मला खाटेला बांधा. कुरडया कावळ्यांनी नेल्या तर नेऊ द्या.