चपलांची रांग

खमरियाच्या पुढच्या त्या गावात दवाखान्याची गाडी दर बुधवारी येई, तेव्हा रांगेत माणसं नसत, चपला असत. चपला लावायच्या आणि वाटाणा तोडायला शेतात निघून जायचं, असा रिवाज. भागीरथाबाईंच्या बीपीच्या गोळ्या संपून चार दिवस झाले होते, म्हणून आज त्यांची चप्पल सगळ्यांच्या पुढे होती. पूर्वी सायकलवर येणारा सुखराम कंपाउंडर नुसत्या चपला पाहून नावानं हाका मारी. मेला चावट होता, पण कामाचा.

आजचा डॉक्टर नवीन होता. इंजिनाचा आवाज ऐकून भागीरथाबाई अनवाणी धावत आल्या, तेव्हा तो रजिस्टरात 'रुग्ण शून्य' लिहून गाडीत बसत होता.

"काहून निघाले जी? एकतीस जण उभे हायेत ना!"

"अम्मा, यहाँ तो सिर्फ चप्पलें हैं."

"मग त्याइलेच तपासा! तुमच्या मोठ्या दवाखान्यात तरी काय, डॉक्टरच्या जागी खुर्चीवर नुसता कोटच बसून राहते."

ड्रायव्हर फसकन हसला. डॉक्टर ओशाळून खाली उतरला. भागीरथाबाईंच्या दंडाला पट्टा बांधून पाहतो, तर प्रेशर दोनशे.

"इतना ज़्यादा?"

"अर्धं तुमच्याशी भांडून वाढलं. आता गोळ्या द्या, दोन महिन्याच्या."