खरा ‘का’

आमची कंपनी कपाटं बनवते आणि मी तिथल्या व्यवसाय विश्लेषण खात्याची प्रमुख. म्हणजे गिऱ्हाइकाला नेमकं काय हवंय, ते कपाट बनवायच्या आधी शोधून काढायचं. खात्यात मी आणि माझी खुर्ची. शेजारचं विक्री खातं माझ्या मोठ्या जावेकडे आहे, आणि तिथे बसायला जागा नाही इतकी माणसं.

साहेबांच्या डोक्यात शिरलं की आपलं विश्लेषण कितपत परिपक्व आहे, ते बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्यावं. पाच पातळ्या असतात म्हणे. निदान दुसरी मिळाली तर खातं राहणार, पहिली मिळाली तर विक्रीत विलीन. घरी जावेच्या हाताखाली नांदतेच आहे. ऑफिसातही तेच करायचं, तर बाईने श्वास घ्यायचा कुठे?

परीक्षक आला. हातात एक मोजणीयंत्र, बटण दाबलं की ‘टक्’ करून आकडा पुढे सरके.

“परिपक्व कंपनीत माणसं ‘का’ विचारतात,” तो म्हणाला. “जितके ‘का’ जास्त, तितकी पातळी वरची.”

मग तो मीटिंगच्या खोलीत कोपऱ्यात डोळे मिटून बसला आणि कामाला लागला.

“साहेब आले का?” टक्.

“कपाटं रंगवून झाली का?” टक्.

“चहा आणू का?” आमचा शिपाई दिवसभर हेच विचारतो. टक्, टक्, टक्.

“तू मला वेडी समजतेस का?” हे जाऊ मला म्हणाली. टक्.

भानगड माझ्या लक्षात आली होती. पण आपल्याच पायावर धोंडा कोण मारून घेईल? उलट मीच दिसेल त्याला ‘बरं आहे का’, ‘पंखा लावू का’ असं विचारत सुटले. एरवी मी कुणाची इतकी विचारपूस करत नाही.

शेवटी निकाल लागला. पाचवी पातळी. साहेब खुर्चीतून अर्धे उठले. मी मान खाली घालून विनयाने हसत होते, तेवढ्यात जाऊ शांतपणे म्हणाली, “पाचवी? का?”

परीक्षकाने पहिल्यांदा डोळे उघडले. बोट बटणावर तसंच राहिलं.

“हा वेगळा वाटला,” तो म्हणाला.

“मी कारण विचारलं,” जाऊ म्हणाली. “इथे ते कुणी विचारत नाही.”

“मग इतका वेळ मी काय मोजलं?”

“चहा,” शिपाई म्हणाला.

परीक्षकाचा चेहरा पडला. त्याने यंत्र शून्यावर आणलं, जावेच्या नावाने एकदाच दाबलं आणि पहिली पातळी जाहीर केली. साहेब अर्धे उठले होते, ते पूर्ण बसले. थोडा विचार करून म्हणाले, “कंपनीत एकच खरा ‘का’ निघाला, तो विक्रीतून. तेव्हा विश्लेषण खातं आजपासून यांच्याकडे.”

माझं डोकंच फिरलं.

“का?” मी ओरडले. “पाठीमागून उघडणाऱ्या कपाटांची ऑर्डर यांनीच घेतली ना? गिऱ्हाइकाने चित्र उलटं काढलं होतं. सगळी कपाटं भिंतीकडे तोंड करून गोदामात उभी आहेत. गिऱ्हाइकाचं मन ओळखायचं काम यांच्याकडे का द्यायचं?”

टक्. टक्.

“दोन्ही खरे,” परीक्षक खूश होऊन म्हणाला. “दुसरी पातळी.”

खातं वाचलं. मला जावेला मिठी मारावीशी वाटली, कारण सुरुवात तिनेच केली होती. पण तिचा चेहरा बघून मी ते रद्द केलं. शिपायाने हळूच विचारलं, “चहा आणू का?” आणि सगळ्यांनी परीक्षकाकडे पाहिलं. त्याने यंत्र खिशात घातलं.

संध्याकाळी मी घरात शिरले ती ताठ मानेने. दुसऱ्या पातळीची बाई होते मी. जाऊ स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती. मागे वळून न बघता म्हणाली, “कांदे चिरणार का?”

सवय लागली होती. मी विचारलं, “का?”

“मी मोठी आहे म्हणून.”

या उत्तरात काही खोट सापडते का, ते मी बराच वेळ तपासून पाहिलं. मग कांदे चिरायला घेतले.