दोन चिठ्ठ्या एकाच वेळी

आबांनी आजवर एकही बदल नापास केला नव्हता. याचा त्यांना अभिमान होता आणि ऑफिसला आधार. प्रोग्राममध्ये कोणी काही फिरवलं की दुसऱ्या कोणीतरी ते वाचून संमती द्यायची, असा कंपनीचा नियम. तो दुसरा शक्यतो आबा असावेत, असा कंपनीतल्या लोकांचा नियम. आबा बदल उघडत, चष्मा कपाळावर चढवत, वरून खाली घरंगळत जात आणि तळाला पोचले की संमतीचं बटण दाबत. वय पन्नाशीच्या अलीकडेच, पण ऑफिसातले सगळ्यांत जुने म्हणून आबा. सध्या प्रमुख परीक्षकाची जागा रिकामी होती. इतकी वर्षं एकाही जिवाला न दुखवलेला माणूस त्या जागेसाठी पहिला आठवावा, हे ओघानं आलंच.

कंपनी दवाखान्यांसाठी प्रोग्राम बनवायची. डॉक्टरांनी आपल्या खोलीत चिठ्ठी लिहिली की ती खाली औषधाच्या खिडकीवर पेशंटच्या नावासकट उमटायची. आबांची बायको अशाच एका दवाखान्यात औषधं देत असे आणि तिच्या खिडकीवर हा प्रोग्राम पुढच्या आठवड्यात बसणार होता. घरात हा योगायोग कौतुकाचा विषय झाला होता.

प्रोग्राम नीट चालतो की नाही हे बघायला टेस्टच्या स्क्रिप्ट होत्या. त्या चालवल्या की भिंतीवरच्या पडद्यावर हिरवं नाहीतर लाल यायचं. लाल आलं की पुन्हा चालवायचं. परत लाल, परत चालवायचं. हिरवं आलं की त्या क्षणी थांबायचं आणि चहाला जायचं. हट्टी स्क्रिप्ट असेल तर तिच्यात एक ‘स्लीप’ घालायचा, म्हणजे यंत्राला सांगायचं की पाच सेकंद थांब आणि मग बघ. पाचानं भागलं नाही तर दहा. काही स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत ‘झालं’ एवढंच छापलेलं असे. ते छापण्यात यश आलं की यंत्र अख्खी स्क्रिप्टच यशस्वी धरी. मधे काय वाटोळं झालं याची चौकशी करण्याची त्याला कोणी सवय लावली नव्हती.

अशा सुखी घरात सूनबाई आली. दुसऱ्या शाखेतून बदलून आलेली ही इंजिनिअर बाई. आल्या आल्या कपाटातले डबे उघडून वास घ्यावा तशा तिनं सगळ्या स्क्रिप्ट उघडून बघितल्या, म्हणून हे नाव. मग तिनं एक भलामोठा बदल पाठवला. त्यावर लिहिलं होतं, ‘टेस्टच्या स्क्रिप्ट भरवशाच्या करणे.’

साहेबांनी मीटिंगमध्ये तिचं कौतुक केलं. भरवशाची टेस्ट म्हणजे पहिल्या झटक्यात हिरवी येणारी टेस्ट, याबद्दल ऑफिसात दुमत नव्हतं. बदल चालवून बघितला. लाल. पुन्हा चालवला. लाल. दुपारभर चालवला. दर वेळी लाल आणि दर वेळी त्याच एका जागी. टेस्ट इतकी भरवशाची झाली होती की तिच्यावर कुणाचाच विश्वास बसेना.

साहेबांनी आबांना खोलीत बोलावलं.

“आबा, काल हिरवं होतं. आज लाल. मधे काय बदललं?”

“टेस्ट.”

“प्रोग्राम?”

“तो आहे तसाच आहे.”

“मग चूक कुणाची?” साहेब खुर्चीत रेलले. एखादा अवघड खटला निकाली काढल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं. “प्रोग्राम पुढच्या आठवड्यात द्यायचाय. तो बदल तुमच्या नावावर टाकलाय. परत पाठवा. प्रमुख परीक्षकानं थोडं कडक असायला नको का?”

आबा बाहेर आले. नापास कसं करतात हे त्यांना माहीत नव्हतं, कारण कधी वेळच आली नव्हती. मग त्यांनी ऑफिसातल्या इतरांकडून ऐकलेली युक्ती वापरली. बदलात खुसपटं काढायची. समोरचा माणूस कंटाळतो आणि बदल आपोआप मरतो. त्यांनी लिहिलं, इथे एक मोकळी ओळ जास्त आहे. इथे नाव लांब आहे. इथे नाव आखूड आहे. इथे कंस जरा खाली घ्यावा.

सूनबाईनं तासाभरात सगळं करून परत पाठवलं. आबांनी आणखी काढली. तिनं तीही निस्तरली. तिसऱ्या खेपेला ती त्यांच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

“आबा, पोळी वातड आहे की करपलीय ते सांगा. ताट तिरकं ठेवलंय हे तिसऱ्यांदा ऐकतेय मी.”

“अगं, पद्धत असते एक.”

“बरं. मग निदान ती लाल येते ती स्क्रिप्ट तरी वाचा. फार नाही, पानभर आहे.”

आता वाचण्यावाचून गत्यंतर नव्हतं, कारण खुसपटं संपली होती. आबांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. स्क्रिप्टचं नाव होतं, ‘दोन चिठ्ठ्या एकाच वेळी’. दोन डॉक्टरांनी एकाच क्षणी चिठ्ठी पाठवली तर दोन्ही ज्याच्या त्याच्या नावावर पोचतात का, हे बघायचं. डावीकडे जुनी स्क्रिप्ट, उजवीकडे नवी. जुनीत पहिली चिठ्ठी पाठवली होती, मग होता दहाचा स्लीप, आणि मग दुसरी चिठ्ठी.

आबांनी पुन्हा वाचलं. एकाच वेळी, आणि मधे दहा सेकंद. ही टेस्ट कधीतरी लाल येत असणार आणि कुणीतरी चहा गार होऊ नये म्हणून ती अशी हिरवी केली असणार. खाली संमती देणाऱ्याचं नाव होतं. ते कुणाचं, हे बघायला आबांना खाली घरंगळत जायची गरज नव्हती.

सूनबाईनं फक्त तो स्लीप काढला होता. आणि तो काढल्याबरोबर दर वेळी पहिल्या पेशंटच्या नावावर दुसऱ्याचं औषध उमटत होतं.

संध्याकाळी बायको खूश होती. तिच्याकडे नव्या प्रोग्रामचं ट्रेनिंग झालं होतं.

“छान आहे हो तुमचा प्रोग्राम. चिठ्ठी वाचायला डोळे फोडायला नकोत. नाव येतं, औषध येतं, की दिलं.”

“अगं... तू मात्र प्रत्येकाला नाव विचारत जा. आणि चिठ्ठीचा कागदही मागत जा.”

“कागद बंद होणारेय ना? म्हणून तर प्रोग्राम.”

“तरी माग. गर्दी असेल तर जास्तच.”

तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. “का?”

आबांनी इकडचं तिकडचं काढून बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्याचा उपयोग होत नाही. शेवटी सगळं सांगून टाकलं.

“म्हणजे मी कागद मागायचा, कारण माझा नवरा कंपनीत आहे,” ती म्हणाली. “आणि बाकीच्या खिडक्यांवर बसतात त्यांनी काय करायचं? त्यांचे नवरे कुठे कुठे चिकटवायचे?”

“तसं नाही गं. पण ती जागा...”

“मिळू दे की. दारावर पाटी लागेल. एखाद्या म्हाताऱ्याला माझ्या हातून भलतीच गोळी गेली तर त्याच्या घरच्यांना ती पाटी दाखवू.”



दुसऱ्या दिवशी आबांनी साहेबांची पायरी न चढता थेट संमतीचं बटण दाबलं. बोट तेच होतं, बटणही तेच, पण या वेळी घाम आला. बदल आत गेला. पडदा लाल झाला आणि लालच राहिला. प्रोग्राम बाहेर पाठवायचा तर पडदा हिरवा हवा, हा नियम साहेबांनी स्वतःच मोठ्या हौसेनं केला होता.

“मागे घ्या तो बदल,” साहेब म्हणाले. त्यांनी आबा आणि सूनबाई दोघांनाही समोर बसवलं होतं.

“घेऊ,” सूनबाई म्हणाली. “मागे घेताना कारण लिहावं लागतं. तुम्ही सांगा, मी टाइप करते.”

साहेबांनी घसा खाकरला. “लिहा, टेस्ट सतत नापास होतात म्हणून.”

“का नापास होतात, ते विचारतील.”

“मग लिहा, टेस्टमुळे... अं... प्रोग्राममधली चूक दिसत असल्यामुळे...” साहेब थांबले. “नको, हे खोडा. वेळेअभावी चूक तात्पुरती न बघण्याचं ठरल्यामुळे. छे! आबा, तुम्ही सुचवा की काहीतरी. तुमचं मराठी चांगलं आहे.”

आबांनी खरंच प्रयत्न केला. ‘पेशंटांची औषधं बदलण्याचा वेग लक्षात घेता’ इथवर ते पोचले आणि अडले. वाक्य कुठूनही उचललं तरी त्याच्याखाली तो भलत्या गोळीवाला म्हातारा निघत होता. साहेबांनी स्वतः कीबोर्ड ओढून घेतला, दोन शब्द टाइप केले, खाली आपलं नाव येणार हे बघितलं आणि कीबोर्ड हलकेच परत सरकवला.

प्रोग्राम पुढे ढकलला गेला. दवाखान्यांना कळवण्यात आलं की दर्जाबाबत कंपनी तडजोड करत नाही. वरून साहेबांना शाबासकीचा मेल आला आणि त्यांनी तो सगळ्यांना पाठवला. प्रमुख परीक्षकाची जागा सूनबाईला मिळाली, कारण कडकपणा ही आता साहेबांची भूमिका होती. आबांना त्या चिठ्ठ्यांची चूक दुरुस्त करायचं काम दिलं.

आबांनी ते मनावर घेतलं. आठवडाभर खटपट करून दुरुस्ती केली, टेस्ट चालवली, हिरवं आलं. छाती फुगवून त्यांनी बदल पाठवला आणि संमतीची वाट बघत बसले.

सूनबाई खुर्ची ओढून शेजारी येऊन बसली. हातात पेन्सिल, चेहरा गंभीर.

“आबा, कितव्या खेपेला हिरवं आलं?”

“दुसऱ्या.”

“आणि पहिल्या खेपेला?”

आबांनी आजूबाजूला बघितलं. “सर्व्हरचा मूड नव्हता,” ते म्हणाले, आणि ऐकून ते स्वतःच इतके शरमले की तिनं बदल परत पाठवण्याआधी तो मागून घ्यायला त्यांनीच हात पुढे केला.