कोंडीरामला पोटात लागलं

लवू परब परळच्या एका गिरणीच्या फुटबॉल टीममधून सेंटर फॉरवर्ड खेळायचा. बॉल पायात असला की समोर कोण आहे हे तो बघत नसे. त्या काळी गोलकीपरला खांद्याने धडक दिली तर रेफ्री शिट्टी वाजवत नसत, आणि लवूची धडक सगळ्या गिरणगावात माहीत होती. रविवारी मैदानाच्या कडेला माणसं त्यासाठीच उभी राहायची.

तो जेवायला लालबागला कोंडीराम गवसच्या घरी जायचा. कोंडीरामची बायको अंबिका आठ-दहा कोकणी गड्यांची खाणावळ चालवायची. कोंडीराम दुसऱ्या गिरणीत होता आणि त्या गिरणीचा गोलकीपर होता. लवूपेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा, अंगाने आडवा, बोलायला कमी. पंगतीत लवू शेजारी बसला की तो आपल्या ताटातली तळलेली बांगड्याची तुकडी गुपचूप त्याच्या ताटात सरकवायचा आणि म्हणायचा, "खा. रविवारी माझ्याच अंगावर येणारायस."

पंधरा जानेवारी छप्पनच्या रविवारी दोघांच्या गिरण्यांची शील्डची मॅच होती. लवूला सकाळीच कळलं होतं की गिरगावातल्या एका क्लबचे सेक्रेटरी चिंतामणी आपल्याला बघायला येणार आहेत. त्यांच्या क्लबात गेलं की फोर्टातल्या कंपनीत नोकरी, बसून काम, आणि कूपरेजच्या मोठ्या मैदानावर खेळायला मिळणार. गिरणीच्या साच्याखात्यातून, मागांच्या खडखडाटातून, बाहेर पडायची ती एकच वाट लवूला दिसत होती.

दुसऱ्या हाफमध्ये वीसेक मिनिटं उरली असताना डावीकडून बॉल आला. कोंडीराम पुढे धावला, खाली वाकला आणि त्याने बॉल दोन्ही हातांत घेतला. बॉल त्याच्या हातात गेलेला लवूने बघितला. थांबायला वेळ होता. पण कडेला चिंतामणी उभे होते, पांढरी टोपी, हातात छत्री. लवू थांबला नाही. त्याने खांदा लावला नाही, गुडघा लावला. तो कोंडीरामच्या पोटात खोल गेला.

कोंडीरामच्या तोंडून एवढंच आलं, "हं."

कुणी हाक मारल्यावर माणूस ओ देतो, तसं. मग तो उठला, बॉल लांब मारला आणि उरलेली मॅच खेळला. गुडघा कुणाला दिसला नाही, सगळ्यांना ती लवूची नेहमीची धडक वाटली. मॅच संपल्यावर चिंतामणी लवूच्या जवळ आले. "धडक आवडली," ते म्हणाले. "उद्या-परवा क्लबवर ये. बोलू."

संध्याकाळी लवू जेवायला गेला. कोंडीराम भिंतीला टेकून बसला होता, चेहरा राखेसारखा झालेला. अंबिकेने ताट वाढलं तर त्याने हाताने बाजूला सारलं.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काय नाय. पोट जड झालंय."

त्याने लवूकडे बघितलं. रागाने नाही. नुसतं बघितलं आणि डोळे मिटले. लवूला बोलायचं होतं, वहिनी, याला डॉक्टरकडे न्या, माझा गुडघा लागलाय. जिभेवर आलेलं त्याने भाकरीबरोबर गिळलं. उद्यापर्यंत बरं वाटेल, असं त्याने स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मुंबई केंद्राच्या ताब्यात जाणार ही बातमी रेडिओवर आली आणि शहर पेटलं. गिरण्या बंद पडल्या, रस्त्यांवर दगड आणि जळके टायर पडले. मग कर्फ्यू लागला आणि गोळीबार सुरू झाला. लवू परळला आपल्या खोलीत अडकला. लालबागच्या बाजूने आवाज यायचे ते ऐकत बसायचा. तिकडे कोंडीराम दोन दिवस अंथरुणावर कण्हत होता. बुधवारी चाळीतल्या चार जणांनी एक दार काढून त्याला त्यावर घातलं आणि पांढरं फडकं हलवत इस्पितळात नेलं. वॉर्डात गोळी लागलेली माणसं जमिनीवरसुद्धा झोपवलेली होती. गुरुवारी सकाळी कोंडीराम गेला.

चाळीच्या तोंडाशी बायकांनी विचारलं, काय झालं? नेणाऱ्यांपैकी एक जण म्हणाला, "पोटात लागलं होतं." त्या आठवड्यात पोटात लागलं याचा अर्थ एकच होता. चाळीतला दगडू चळवळीत होता, स्वतःच्या डोळ्यांसमोर त्याने दोन पोरं पडताना बघितली होती. त्याने खात्री करून घ्यायचं काही कारण नव्हतं. कोंडीरामच्या प्रेतावर त्याने स्वतः हार घातला. सरकारी यादीत ते नाव कधीच आलं नाही, पण चाळीने आपली पाटी केली. जिन्याखाली, तांबड्या अक्षरांत: हुतात्मा कोंडीराम गवस.

लवूने ती पाटी तेराव्याला बघितली. तो जिन्यापर्यंत गेला, वाचलं आणि तसाच मागे फिरला. पुढच्या आठवड्यात तो चिंतामणींच्या क्लबात दाखल झाला आणि गिरगावात राहायला गेला.

पहिल्या मोसमात त्याने सतरा गोल केले. सगळे लांबून. गोलकीपर वाकला की लवूच्या कानात तो आवाज यायचा, "हं." अगदी जवळून, खांद्याशी कुणी उभं असल्यासारखा. आणि समोरच्या वाकलेल्या माणसाची मान कोंडीरामची दिसायची, रुंद, घामाने चकाकणारी, काळा दोरा बांधलेली. म्हणून तो जवळ जातच नसे. पंचवीस पावलांवरून मारायला त्याने स्वतःला शिकवलं. लोकांना वाटलं, लवूच्या खेळाला धार आली. एका पेपरात तर आलं की परबसारखा सभ्य सेंटर फॉरवर्ड मुंबईत दुसरा नाही. ती ओळ वाचून लवूने पेपर चार घड्या करून चुलीत घातला.

अठ्ठावन्नच्या सेमीफायनलला शेवटच्या मिनिटाला गोलकीपर जमिनीवर पडलेला होता आणि बॉल त्याच्या हातापासून वीतभर लांब. नुसता पाय लावायचा. लवू धावत आला आणि थांबला. कानात आवाज आला होता. गोलकीपरने हात लांब करून बॉल ओढून घेतला.

चिंतामणी त्याला कपडे बदलायच्या खोलीत भेटले. "तुला मी कशासाठी आणला होता, आठवतं?"

"आठवतं," लवू म्हणाला.

मोसम संपल्यावर क्लबने त्याला सोडलं, नोकरीही गेली. मग गोदीच्या टीमने घेतला. तिथे एक मोसम पुरा झाला नाही. त्याला हाफबॅक खेळवला, मग बाकावर बसवला. लोक म्हणायचे, परब संपला. सव्वीस वर्षांचा होता. शेवटी खोताच्या वाडीतल्या पोरांच्या टीमने त्याला बोलावलं. त्यांचा गोलकीपर पास्कल छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. पहिल्याच आठवड्यात सरावानंतर त्याने लवूला पायरीवर बसवलं.

"तू माझ्याजवळ का येत नाहीस रे?"

"लांबून बसतो माझा शॉट."

"झूट. मी वाकलो की तू डोळे बंद करतोस. मी बघतो ना समोरून."

चार वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. लवूने सगळं सांगितलं. गुडघा, चिंतामणी, पाटी, त्या संध्याकाळचं जेवण. पास्कल बुटांच्या नाड्या सोडत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मला सांगून काय होणार? ती बाई आहे ना जिवंत?"

तरी लवू गेला नाही. साठच्या एप्रिलमध्ये दगडूच त्याला शोधत वाडीत आला. एक मेला महाराष्ट्राचं राज्य होणार होतं, चाळीत सभा होती, पाटीला हार घालायचा होता. "कोंडीरामच्या पंगतीला बसणारे बाकीचे गावी गेले, पांगले," दगडू म्हणाला. "तू नाव काढलेला खेळाडू. त्याच्यावर दोन शब्द बोल. नाही म्हणू नकोस हां, पत्रिकेत छापलंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी लवू लालबागला गेला. अंबिका चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. खाणावळ चालूच होती. तिने मान वर केली, ओळखलं, आणि पाट सरकवून दिला. लवू बसला नाही.

"वहिनी, त्याला गोळी लागली नव्हती."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मीच अंग पुसलं ना त्यांचं. पोटावर काळानिळा डाग होता, वाटीएवढा. गोळीचं भोक कुठेच नव्हतं."

"तो माझा गुडघा होता."

तिचे हात थांबले. तव्यावरची भाकरी करपायला लागली, धूर झाला, तरी तिने ती उलटली नाही. लवूने उरलेलं सांगितलं. बॉल त्याच्या हातात आला होता, थांबता आलं असतं, हेही सांगितलं.

तिने तवा चुलीवरून उतरवून बाजूला ठेवला. "त्या दिवशी तुम्ही इथे बसून जेवलात, भावोजी. दोन भाकऱ्या घेतल्यात. मी वर माशाचं तिखलं वाढलं."

"हो."

"तेव्हा बोलला असतात तर रविवारीच नेलं असतं त्यांना. रस्ते मोकळे होते."

बाहेर नळावर बायकांची भांडी वाजत होती.

"सभेत हे सांगतो," तो शेवटी म्हणाला. "दगडूला, सगळ्यांना."

"अजिबात नाही." ती उठून उभी राहिली. "शांता सात वर्षांची आहे. शाळेत बाई तिला पुढे उभी करतात, हिचे वडील महाराष्ट्रासाठी गेले म्हणून. तिच्याकडे बापाचं दुसरं काही नाही. तेवढंही तुम्ही घेऊन जाणार? माझ्याजवळ बोललात, तुमचं ओझं उतरलं असेल. तिच्या डोक्यावर ठेवू नका."

"मग मी काय करू?"

"सभेला या. बोला. आणि पुन्हा या घरात जेवायला येऊ नका."

एक मेच्या संध्याकाळी चाळीच्या चौकात दिव्यांच्या माळा होत्या, पोरं फटाके उडवत होती. लवू उभा राहिला. त्याने गोळीचं नाव घेतलं नाही. कोंडीराम गोलमध्ये कसा उभा राहायचा, बॉल अंगाशी कसा धरायचा, पंगतीत कमी कसा बोलायचा, एवढंच सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अंबिका दुसऱ्या रांगेत बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत, पण उठूनही गेली नाही.

लवूने त्या वर्षीच खेळणं सोडलं. पास्कलने त्याला छापखान्यात लावून घेतलं. आवाज मात्र मैदानात राहिला नाही, त्याच्याबरोबर आला. कागदाचा गठ्ठा उचलायला कुणी वाकलं की यायचा. दगडू मात्र दर वर्षी एक मेला बोलवायचा आणि लवू दर वर्षी जायचा, तेच बोलायचा, चहा न घेता निघायचा.

पासष्ट साली सभा संपल्यावर शांता त्याच्यामागे जिन्यापर्यंत आली. बारा वर्षांची झाली होती, अंगाने बापासारखी आडवी.

"काका, बाबांना लागलं तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

लवूने वर बघितलं. गॅलरीत अंबिका कठड्याला धरून उभी होती.

"जवळच होतो, बाळ," तो म्हणाला.

"घाबरले होते का ते?"

"नाही. बॉल..." तो अडखळला. "नाही, अजिबात नाही."

पोरीने मान डोलावली आणि आईला ते सांगायला दोन-दोन पायऱ्या एकदम चढत वर पळाली.