माझ्या अंगावर एकच चरा

माझ्या आतल्या थर्माकोलमध्ये उजव्या कानाच्या वर एक खळगा आहे. आकाराने लिंबाएवढा, खोली सात मिलिमीटर. तिथला थर मुळात दहा मिलिमीटरचाच होता, म्हणजे उरला तो तीन. खळग्याच्या कडा तुटल्यासारख्या नाहीत. मेण वितळावं तशा गोल आणि गुळगुळीत आहेत. वरून कापडाचं अस्तर असल्यामुळे तो दिसत नाही. आजवर तो एकाच माणसाला कळला.

मित्रांनो, हा खळगा ज्याच्या आत आहे, ते मोटारसायकलचं जुनं, स्वस्त हेल्मेट म्हणजे मी.

माझा जन्म एका शहराबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. साच्यातून कवच निघालं, आत पातळ थर्माकोल चिकटला, त्यावर स्पंज आणि कापड. शेवटी मागच्या बाजूला आयएसआयची सोनेरी खूण लागली. माझी कुणी परीक्षा घेतली नव्हती. खूण त्याच शेडमध्ये छापली जात होती, माझ्यासारखीच शेकड्याने.

२००३ सालच्या पावसाळ्यात मी पुणे-नाशिक रस्त्यावर कळंबजवळ एका लिंबाखाली, प्लॅस्टिकच्या कागदावर मांडलेलो होतो. गेणभाऊ नावाचे शेतकरी सायकलवर पेंडीचं पोतं घेऊन घरी चालले होते. साठीचे, उंच, हाडापेराने मजबूत. ते थांबले आणि त्यांनी मला उचललं.

"का रं, दुकानातलं लई म्हाग आन् तुजं सव्वाशेला? ह्ये कसं काय?"

"भाऊ, दुकानाला शटर हाय, लाईटबिल हाय. माल त्योच. इस्वास न्हाई ना? मग उभं ऱ्हावा त्याच्यावर!"

गेणभाऊंनी चपला काढल्या, विकणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोन्ही पायांनी माझ्यावर उभे राहिले. मी जरासुद्धा दबलो नाही. ते खूश झाले. नांगराचा फाळ असो, बैलगाडीचा आख असो, त्यांनी आयुष्यभर वस्तू अशीच पारखली होती. जी वाकत नाही ती चांगली.

"बैलाचा खूर पडला तरी फुटायचं न्हाई," ते म्हणाले, आणि मला पेंडीच्या पोत्यावर बांधून घरी घेऊन गेले.

मी त्यांच्या मुलासाठी होतो. ज्ञानेश्वर मंचरला विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत तांब्याची तार नव्याने भरून देण्याचं काम करायचा आणि रोज मोटारसायकलने जायचा-यायचा. त्याची बायको जया रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. तिने मला हातात घेतलं, आत अंगठा दाबून पाहिला.

"अहो, आतून फारच पातळ आहे हे. कडक काय, पातेलंही असतं."

"हळू बोल," ज्ञानेश्वर हसत म्हणाला. "आबांनी पह्यल्यांदाच माझ्यासाठी कायतरी न मागता आणलंय. दिवाळीनंतर घेऊ चांगलं."

तो मला रोज घालायचा. मंचरपर्यंतचा रस्ता असो की शेतावरची पायवाट, मी त्याच्या डोक्यावर असायचो आणि पट्टा हनुवटीखाली लावलेला असायचा. वडिलांनी दिलेल्या वस्तूचा मान तो असा राखायचा. ही गोष्ट मला आजही सोसवत नाही.

भाद्रपदातला पोळा आला. आमच्या भागात बैलांना जिवापाड नटवतात. गेणभाऊंनी हरण्या आणि गुलब्या या आपल्या बैलांची शिंगं तासून त्यांना लाल ऑइलपेंट दिला, वर पिवळे पट्टे ओढले. डब्यात थोडा रंग उरला. त्यांची नजर माझ्यावर गेली.

"बैलं नटली, मग आमचा ज्ञानू का तसाच?"

रंग घट्ट झाला होता. तो पातळ करायला त्यांनी मोटारसायकलच्या टाकीतून थोडं पेट्रोल काढलं आणि डब्यात ओतलं. मग मांडीवर घेऊन मला रंगवलं. जन्मात इतक्या मायेने मला कुणी हात लावला नव्हता. हवेसाठी कानाच्या वर जी भोकं असतात, त्यांतल्या उजवीकडच्या भोकांतून तो पातळ रंग आत उतरला.

मित्रांनो, पेट्रोल आणि थर्माकोल यांचं काय होतं हे तुम्हाला कदाचित ठाऊक असेल. पेट्रोल लागलं की थर्माकोल जळत नाही, तुटत नाही. तो बारीक फसफस करत नुसता नाहीसा होतो. अंगणात हलगी वाजत होती, घरात जया पुरणपोळ्या लाटत होती. तो आवाज कुणाला ऐकू गेला नाही. गेणभाऊंनी मला उन्हात वाळत ठेवलं आणि लांबून न्याहाळलं.

मंचरला ज्ञानेश्वरची चेष्टा व्हायची. "ओ गुलब्या, शर्यतीच्या कोणत्या घाटात पळणार हाय राव?" तोही कमी नव्हता. "तुजा जोडीदार मिळाला की पळतो," म्हणायचा आणि मला काखेत मारून कामाला लागायचा. मला त्या लाल रंगाचा अभिमान वाटत होता.

डिसेंबरातली दुपार होती. कळंबच्या अलीकडे एका ट्रॉलीतून रस्त्यावर वाळू सांडली होती. मोटारसायकलचं पुढचं चाक घसरलं. वेग तीसच्या आत होता. ज्ञानेश्वर उजव्या अंगावर पडला आणि त्याच्या डोक्याआधी मी कडेच्या दगडावर आपटलो.

हेल्मेटचं काम डोक्याला लागू न देणं हे नाही. त्याचं काम डोक्याला थांबायला वेळ देणं हे आहे. आतला थर दबतो, चुरगळतो, आणि त्यात सेकंदाचा एक बारीकसा तुकडा मिळतो. माणूस जगण्यासाठी कधी कधी तेवढा पुरतो. दगड लागला तिथे माझ्याकडे द्यायला वेळच नव्हता. चांगलं हेल्मेट असतं तर तो नक्की वाचला असता, असं मी म्हणणार नाही. ते कुणालाच सांगता येणार नाही. माझ्या हातून मात्र काहीच झालं नाही, एवढं मला ठाऊक आहे.

तिसऱ्या दिवशी सावडायला जमलेल्या लोकांनी मला हातात घेऊन फिरवून पाहिलं. कवचावर एक चरा होता, बस्स.

"ह्येला काय बी झालं न्हाई बघा. माल भारी व्हता, गेणभाऊ. तुमी तुमच्याकडनं काय कमी केलं न्हाई."

अशी स्तुती माझ्या वाट्याला कधी आली नव्हती. जे हेल्मेट आपलं काम करतं ते स्वतः फुटतं, चुरगळतं. मी धडधाकट होतो आणि ज्ञानेश्वर नव्हता. तरी त्या शब्दांनी गेणभाऊंना धीर आला. त्यांनी मला पुसलं आणि सोप्यातल्या खुंटीवर टांगलं. दर शनिवारी ते माझी धूळ झटकू लागले.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी घरात कुणी नसताना जयाने मला खाली काढलं. अस्तराची शिवण उसवली. खळग्याच्या गोल कडेवरून नख फिरवलं, आत वाळलेल्या लाल रंगाचा ओघळ पाहिला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिने हे पाहिलेलं असणार. ती बराच वेळ मला मांडीवर घेऊन बसली. मग सुई-दोरा आणला आणि बारीक टाके घालून अस्तर होतं तसं शिवून टाकलं.

त्याच्या पुढच्या वर्षी तिला मंचरच्या एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम मिळालं. जाण्यायेण्यासाठी तिने जुनी स्कूटी घेतली. पहिल्या दिवशी गेणभाऊ मला घेऊन दारात उभे.

"ह्ये घाल पोरी. ज्ञानूचा हात डोक्यावर असल्यावानी वाटंल."

ती नाही म्हणू शकली नाही. फाट्यावर कुशाबाईंची चहाची टपरी होती. जयाने स्वतःच्या पगारातून एक चांगलं हेल्मेट घेऊन तिथे ठेवलं. रोज सकाळी ती मला तिथे उतरवायची, ते घालायची. संध्याकाळी पुन्हा मला घालून घरी यायची.

"अगं, दोन-दोन टोप!" कुशाबाई म्हणायच्या. "येक सासऱ्याचा, येक सुनंचा. सांगून टाक की म्हाताऱ्याला."

"सांगते, मावशी. पुढच्या आठवड्यात."

असे चौदा महिने गेले. रोज सकाळ-संध्याकाळ फाट्यापर्यंतचा दीड किलोमीटर ती माझ्या भरवशावर जायची. त्यात भरवसा किती, हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

मग २००६ च्या जूनमध्ये श्रेयाला, ज्ञानेश्वरच्या सहा वर्षांच्या मुलीला, मंचरच्या शाळेत घातलं. ती आईच्या मागे बसून जाणार होती. शाळा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी सकाळी गेणभाऊ अंगणात बसले. त्यांनी माझा पट्टा कापून लहान केला. आत जुन्या धोतराची घडी बसवली. मग श्रेयाला पुढ्यात घेऊन मला तिच्या डोक्यावर ठेवलं. मी तिच्या भुवयांपर्यंत आलो.

"आबा, मी बैल दिसते का?" श्रेया हसत सुटली.

"बैल न्हाई, बापावानी दिसतीस."

जया हातातली बादली ठेवून आली आणि मुलीच्या डोक्यावरून तिने मला काढून घेतलं.

"आबा, हे तिला नको."

"का गं? तुला चालतं, तिला का न्हाई?"

"मीही घालत नाही. फाट्यावर बदलते." तिचा आवाज अगदी शांत होता. "हेल्मेटला एकदा मार बसला की ते संपतं, आबा. वरून कितीही चांगलं दिसू दे. आतून ते परत कामाला येत नाही."

गेणभाऊंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"म्हंजे त्या दिशीच संपलं व्हतं?"

"हो."

"आन् त्याच्या आधी? त्याच्या आधी चांगलं व्हतं का?"

गोठ्यात गुलब्याच्या गळ्यातली घंटी वाजली. जयाची बोटं अस्तराच्या टाक्यांवर होती.

"आधीही कच्चंच होतं, आबा. विकणाऱ्यानं आपल्याला फसवलं."

मित्रांनो, रंगाचं ती बोलली नाही. तुम्हीही कुठे बोलू नका.

गेणभाऊंनी मला तिच्या हातातून घेतलं. मी आत्मवृत्त सांगतोय म्हणजे मला जपा असं म्हणणार, असं तुम्हाला वाटलं असेल. माझं मागणं उलटं आहे. माझ्यासारखं स्वस्त हेल्मेट रस्त्याच्या कडेला दिसलं, तर त्यावर उभं राहून पाहू नका. आत काय आहे ते पाहा. दुकानात जा, पावती मागा, जास्त पैसे पडले तर पडू द्या. विकत आणलंच तर त्याला पेट्रोल, रंग, थिनर काही लावू नका. ज्याने एकदा मार खाल्ला ते माया म्हणून कुणाच्या डोक्यावर चढवू नका. आणि घरात माझ्यासारखं एखादं खुंटीवर असेल, तर ते तिथे राहू देऊ नका. मी अडीच वर्षं या एकाच गोष्टीची वाट पाहत होतो, आणि मला तोंड नव्हतं.

गेणभाऊ उठले. भिंतीला टेकवलेली कुऱ्हाड त्यांनी हातात घेतली, मला ओट्यापुढच्या फरशीवर ठेवलं, आणि थांबले. त्यांनी धोतराच्या सोग्याने माझ्यावरची धूळ पुसली. मग मागे न पाहता म्हणाले,

"जया, लेकराला घरात ने. ह्ये मी फोडतो."